मशीन लर्निंग आणि संख्याशास्त्र घरी बसून शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी आणि आसपासच्या गावांतील महाविद्यालयीन विद्यार्थी, शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत नोकरी करणारे अभियंते आणि काही शिक्षक मशीन लर्निंगविषयी, म्हणजे माहितीवरून अंदाज बांधायला संगणकाला शिकवण्याविषयी, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. शिकवणी न लावता केवळ ऑनलाइन व्हिडिओ आणि पुस्तके यांच्या आधारे अभ्यास करणारा वाचक डोळ्यांसमोर ठेवला आहे.

सुरुवात मशीन लर्निंगपासून करावी की संख्याशास्त्रापासून?

संख्याशास्त्रापासून करावी. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या चार ओळी लिहिल्या की मॉडेल, म्हणजे माहितीवरून अंदाज देणारे सूत्र, तयार होते, त्यामुळे संख्याशास्त्र टाळून पुढे जाण्याचा मोह सर्वांनाच होतो. परंतु तयार झालेल्या मॉडेलवर कितपत विश्वास ठेवावा हा प्रश्न उभा राहिला की त्या चार ओळींचा काही उपयोग होत नाही. त्याचे उत्तर नमुना निवड, प्रमाण त्रुटी (नमुना बदलला की उत्तर साधारण किती बदलते त्याचे माप) आणि संभाव्यता या संकल्पनांतूनच मिळते.

शितावरून भाताची परीक्षा करायची तर भात सगळीकडे सारखा शिजलेला असावा लागतो, किंवा शिते निरनिराळ्या थरांतून घ्यावी लागतात. यादृच्छिक नमुना निवडीमागे हाच विचार आहे. नमुना चारपट केला तर सरासरीची प्रमाण त्रुटी निम्मी होते, कारण ती नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. ही गोष्ट पक्की झालेला विद्यार्थी अधिक माहिती गोळा केल्याने नेमका किती फायदा होईल याचा अंदाज आधीच बांधू शकतो. मात्र नमुना एकाच थरातून घेतला असेल, तर तो कितीही वाढवला तरी चूक तशीच राहते.

या विषयात कोल्हापूरकरांना अभिमान वाटावा असे एक नाव आहे. वसंत शंकर हुजूरबाजार यांचा जन्म 1919 साली कोल्हापुरात झाला. केंब्रिजमध्ये हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले, पुढे पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाची उभारणी केली आणि 1974 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. महत्तम संभाविता पद्धतीने (ज्या किमतीमुळे मिळालेली माहिती सर्वाधिक संभवनीय ठरते ती किंमत निवडून) काढलेली उत्तरे नमुना मोठा होत जाताना खऱ्या मूल्याकडे कशी जातात, या प्रश्नावरील त्यांचा निबंध 1948 सालचा आहे. आज लॉजिस्टिक रिग्रेशनचे, म्हणजे होय-नाही अशा उत्तराची संभाव्यता सांगणारे, मॉडेल बसवताना संगणक हीच महत्तम संभाविता शोधत असतो. न्यूरल नेटवर्कला (एकापुढे एक जोडलेल्या थरांच्या मॉडेलला) वर्गीकरण शिकवताना जी क्रॉस एंट्रॉपी, म्हणजे चुकीचे माप, कमी केली जाते, तीही त्याच संभावितेच्या लॉगॅरिदमचे चिन्ह उलटवून मिळते. संख्याशास्त्र जुने आणि मशीन लर्निंग नवे असे मानणाऱ्यांनी हा धागा जरूर पाहावा.

गणित किती यायला हवे? बारावीनंतर गणित सुटले आहे.

बारावीचे गणित नीट येत असेल तर सुरुवातीला तेवढे पुरते. मॅट्रिक्सचा गुणाकार, लॉगॅरिदम, साधे विकलन आणि सशर्त संभाव्यता ही उजळणी प्रथम करावी. त्यानंतर आंशिक विकलन आणि साखळी नियम (फलनाच्या आत फलन असताना विकलन काढण्याचा नियम) शिकावेत, कारण न्यूरल नेटवर्कचे संपूर्ण प्रशिक्षण साखळी नियमावर उभे आहे.

गणिताची भीती घालवण्यासाठी एक छोटे उदाहरण हाताने सोडवून पाहावे. (w − 3) चा वर्ग ही किंमत कमीत कमी करायची आहे आणि सुरुवात w = 0 येथून करायची आहे, असे समजा. विकलन 2(w − 3) असल्याने पहिल्या ठिकाणी उतार −6 येतो. उताराला पावलाच्या गुणकाने गुणून ते w मधून वजा करायचे; हा गुणक 0.1 घेतला तर w ची नवी किंमत 0.6 होते, पुढच्या पावलाला 1.08 आणि त्यापुढे 1.464. अशी ती हळूहळू 3 कडे सरकते. आता गुणक 1 घेऊन पाहा: w शून्यावरून थेट 6 वर जातो, तेथून परत शून्यावर येतो आणि तसाच झुलत राहतो. गुणक 1.1 घेतला तर प्रत्येक पावलाला तो 3 पासून आणखी दूर फेकला जातो. ग्रेडियंट डिसेंट ती हीच. लर्निंग रेट, म्हणजे हाच पावलाचा गुणक, चुकला की प्रशिक्षण का बिघडते, हे वहीच्या अर्ध्या पानावर ज्याने पाहिले आहे, त्याला पुढे लाखो गुणकांच्या मॉडेलमध्ये तीच घटना घडताना ओळखता येते.

कोणते व्हिडिओ पाहावेत?

फार थोडे पाहावेत. संभाव्यतेसाठी हार्वर्ड विद्यापीठातील जो ब्लिट्झस्टाइन यांची ‘स्टॅट 110’ ही व्याख्यानमाला यूट्यूबवर विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिच्यासोबतचे पुस्तकही ऑनलाइन वाचता येते. रेषीय बीजगणितासाठी एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची व्याख्याने आहेत. भूमितीच्या अंगाने तोच विषय डोळ्यांना दिसावा यासाठी ‘थ्री ब्लू वन ब्राउन’ या वाहिनीवरील 2016 सालची मालिका पाहावी. एखादी सुटी संकल्पना अडली तर जॉश स्टार्मर यांच्या ‘स्टॅटक्वेस्ट’वरील छोटे व्हिडिओ उपयोगी पडतात, पण त्यांना संपूर्ण अभ्यासक्रम समजू नये.

मशीन लर्निंगसाठी अँड्र्यू एन्जी यांचा अभ्यासक्रम 2011 पासून जगभरातील विद्यार्थ्यांनी केला आहे. 2022 मध्ये तो नव्याने, पायथनवर आधारित स्वरूपात आला. आपल्याकडील पर्याय हवा असेल, तर एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावर आयआयटी मद्रासचे बालरामन रवींद्रन यांचा प्रास्ताविक अभ्यासक्रम आहे. तो गणिताच्या दृष्टीने थोडा अधिक मागणी करणारा असून त्यात दर आठवड्याला स्वाध्याय असतो. नियमितपणा ज्यांना जमत नाही त्यांना या आठवड्याच्या मुदतीचा मोठा आधार होतो, असे माझे मत आहे.

एका विषयासाठी एकच मालिका निवडावी आणि ती संपेपर्यंत दुसरी उघडू नये. प्रत्येक शिक्षकाची चिन्हे वेगळी असतात. एक जण गुणकांना थीटा म्हणतो, दुसरा बीटा म्हणतो आणि तिसरा w लिहितो. नवख्या विद्यार्थ्याची अर्धी शक्ती ही चिन्हे जुळवण्यातच खर्च होते.

व्हिडिओ पाहताना सगळे समजते, पण दोन दिवसांनी काहीच सांगता येत नाही. असे का होते?

हाच प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चांगला शिक्षक प्रत्येक पायरीनंतर पुढची पायरी स्वतःच दाखवतो. पाहणाऱ्याला फक्त ती पायरी बरोबर आहे एवढेच कबूल करायचे असते. पुढची पायरी कोणती, हे शोधण्याचे काम त्याला कधीच करावे लागत नाही, आणि विषय येणे म्हणजे नेमके तेच काम जमणे. त्यामुळे ओळख होते, पण हातात काही येत नाही.

उपाय कष्टाचा आहे, पण तो लागू पडतो. व्हिडिओत उदाहरण मांडले गेले की तेथेच थांबवावे आणि उत्तर कागदावर काढण्याचा प्रयत्न करावा. दहा-पंधरा मिनिटे झटूनही जमले नाही तरी हरकत नाही. त्यानंतर शिक्षकाची पुढची पायरी ऐकताना आपण नेमके कोठे अडलो होतो हे कळते आणि ते लक्षात राहते. व्हिडिओ संपल्यावर वही मिटून संपूर्ण मांडणी कोऱ्या कागदावर पुन्हा लिहावी. शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी ती एखाद्या मित्राला किंवा घरातील भावंडाला मराठीत समजावून सांगावी. एक तासाच्या व्याख्यानाला या पद्धतीने तीन तास लागतात. घाई असलेल्यांना हा वेग नकोसा वाटतो, पण यापेक्षा जलद आणि तरीही टिकणारा मार्ग मला माहीत नाही.

सूत्रे पाठ करण्यापेक्षा छोट्या आकड्यांवर चालवून पाहणे अधिक चांगले. पाच बिंदू घेऊन लघुतम वर्ग पद्धतीने (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करून) रेषा हाताने बसवावी आणि मगच तेच काम संगणकाकडून करून घ्यावे. दोन्ही उत्तरे जुळली की जो विश्वास येतो, तो केवळ पाहून येत नाही.

एकच पुस्तक घ्यायचे असेल तर कोणते घ्यावे आणि ते कसे वाचावे?

‘अ‍ॅन इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिकल लर्निंग’ हे पुस्तक घ्यावे. गॅरेथ जेम्स, डॅनिएला विटेन, ट्रेव्हर हेस्टी आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी लिहिलेली त्याची पहिली आवृत्ती 2013 साली आली, दुसरी 2021 साली आणि पायथनसाठीची 2023 साली. लेखकांनी त्याची पीडीएफ प्रत विनामूल्य ठेवली आहे, त्यामुळे छापील प्रत न परवडणाऱ्या विद्यार्थ्यालाही मूळ आणि अधिकृत पुस्तक वाचता येते.

हे पुस्तक कसे वाचावे हे त्यातील जाहिरातींच्या उदाहरणावरून सांगता येईल. दोनशे बाजारपेठांतील विक्री आणि टीव्ही, रेडिओ व वर्तमानपत्र यांवरील जाहिरातखर्च असे ते आकडे आहेत. केवळ वर्तमानपत्राचा खर्च घेऊन रेषा बसवली तर त्याचा गुणक 0.055 येतो आणि तो संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्णही ठरतो. तिन्ही माध्यमे एकत्र घेतली की तोच गुणक −0.001 म्हणजे जवळजवळ शून्य होतो. येथे पान उलटू नये. असे का झाले असावे याचे आपले स्पष्टीकरण आधी वहीत लिहावे. पुस्तकातील उत्तर असे आहे की ज्या बाजारपेठांत रेडिओवर अधिक खर्च झाला, तेथे वर्तमानपत्रावरही अधिक खर्च होण्याकडे कल होता, आणि रेडिओमुळे वाढलेल्या विक्रीचे श्रेय एकट्या वर्तमानपत्राला मिळत होते. हे एक उदाहरण मनात मुरले, तर जिल्ह्यातील शेतीपासून रुग्णालयापर्यंत कोणत्याही आकडेवारीत दोन गोष्टी एकत्र वाढताना दिसल्या की वाचक लगेच कार्यकारणभाव मानणार नाही.

पहिली सहा प्रकरणे क्रमाने आणि स्वाध्यायांसह पूर्ण करावीत. त्यातही पाचवे, म्हणजे क्रॉस व्हॅलिडेशन (माहितीचा थोडा भाग आळीपाळीने बाजूला ठेवून मॉडेल तपासणे) आणि बूटस्ट्रॅप (त्याच माहितीतून पुन्हा पुन्हा नमुने घेणे) यांचे प्रकरण, दोनदा वाचावे. पुढील प्रकरणे गरजेनुसार वाचली तरी चालतात.

माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. इंग्रजी व्याख्याने झेपतील का?

झेपतील, मात्र पहिला महिना जड जाईल. व्हिडिओचा वेग कमी ठेवावा, खालील उपशीर्षके सुरू ठेवावीत आणि संज्ञांची स्वतःची वही करावी. वहीत संज्ञेसमोर केवळ मराठी प्रतिशब्द न लिहिता दोन वाक्यांचा मराठी खुलासा आणि आकड्यांचे एक उदाहरण लिहावे. एनपीटीईएलच्या काही अभ्यासक्रमांची लिखित भाषांतरे मराठीसह इतर भारतीय भाषांत उपलब्ध आहेत, ती व्याख्यानाच्या आधी वाचून घेतली तर ऐकणे सोपे जाते. या विषयात वापरली जाणारी इंग्रजी वाक्ये साधी असतात आणि शब्दसंग्रह मर्यादित असतो, त्यामुळे कादंबरी वाचण्यापेक्षा हे पुष्कळ सोपे आहे.

पायथन शिकावे की आर?

पायथन शिकावे. संख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांना आर लागेलच, पण दोन्ही भाषा एकाच वेळी सुरू करू नयेत.

महागडा लॅपटॉप लागतो का?

लागत नाही. आठ जीबी रॅम असलेल्या साध्या लॅपटॉपवर वरील पुस्तकातील बहुतेक सर्व उदाहरणे चालतात. ग्राफिक्स प्रोसेसरची गरज पडली तर गूगल कोलॅब आणि कॅगल या संकेतस्थळांवर तो मर्यादित वेळ विनामूल्य मिळतो. तेथील सत्र मध्येच बंद पडू शकते, म्हणून काम वेळोवेळी जतन करावे.

सरावासाठी आपल्या भागातील कोणती माहिती घ्यावी?

पंचगंगेची पाणीपातळी घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवतो. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरील पातळी रोज जाहीर होते. तेथे 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी मानली जाते, हे शहरातील लहान मुलांनाही ठाऊक असते. पावसाचे दैनंदिन आकडे भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाकडून अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकोनांत, 1901 पासूनचे, विनामूल्य मिळतात. आजची पातळी आणि मागील दोन-तीन दिवसांचा पाऊस यांवरून उद्याची पातळी सांगणे, हा प्रश्न मांडायला सोपा आहे आणि त्यात या विषयातील बहुतेक सर्व अडचणी भेटतात.

पहिली अडचण तुलनेची आहे. ‘उद्याची पातळी आजच्याएवढीच राहील’ असे बेधडक सांगणारा नियमसुद्धा बहुतेक दिवशी बराच बरोबर ठरतो. आपले मॉडेल या नियमापेक्षा सरस आहे का, हे आधी तपासावे. नसेल, तर त्याच्या आकडेमोडीला काही अर्थ नाही.

दुसरी अडचण चाचणीसाठीचे दिवस निवडण्याची आहे. पुस्तकातील सवयीने सर्व दिवस पिसून त्यांतील वीस टक्के बाजूला काढले, तर 5 ऑगस्टचा दिवस प्रशिक्षणात आणि 6 ऑगस्टचा चाचणीत जातो. लागोपाठच्या दोन दिवसांची पातळी जवळजवळ सारखी असल्याने मॉडेलला उत्तर आधीच कळल्यासारखे होते आणि निकाल खोटा चांगला दिसतो. काळाशी जोडलेल्या माहितीत आधीच्या वर्षांवर शिकवावे आणि नंतरच्या वर्षांवर तपासावे.

तिसरी अडचण मला सर्वांत बोधप्रद वाटते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पातळी 55 फुटांच्या वर गेली होती आणि ती 2005 च्या पुरापेक्षाही अधिक होती. 2018 पर्यंतच्या माहितीवर रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या उत्तरांची सरासरी घेणारे मॉडेल) शिकवून 2019 चा अंदाज काढायला सांगितले, तर ते मॉडेल कितीही पाऊस दाखवला तरी पूर्वी पाहिलेल्या कमाल पातळीच्या वर जाऊच शकत नाही, कारण त्याचे प्रत्येक उत्तर हे प्रशिक्षणातील पातळ्यांची सरासरी असते. म्हणजे ज्या दिवशी अंदाजाची सर्वाधिक गरज असते, नेमके त्याच दिवशी ते रचनेमुळेच कमी सांगते. रेषीय रिग्रेशन, म्हणजे सरळ रेषेचे मॉडेल, वर जाऊ शकते, पण पात्राबाहेर पसरलेले पाणी त्याच प्रमाणात चढत नाही, त्यामुळे तेही चुकते. मॉडेल निवडणे म्हणजे त्याच्या मर्यादा निवडणे होय, हे या सरावातून जितके स्पष्ट होते तितके तयार उदाहरणांतून होत नाही. हा अर्थातच केवळ अभ्यास आहे. प्रत्यक्ष पुराच्या वेळी जिल्हा प्रशासनाच्या सूचनाच पाळाव्यात.

माझ्या मॉडेलची अचूकता 99 टक्के आहे. ते चांगले आहे ना?

तेवढ्यावरून सांगता येत नाही. वरचेच उदाहरण पुढे नेऊ. जून ते सप्टेंबर असे 122 दिवस, म्हणजे दहा वर्षांचे 1,220 दिवस होतात. त्यांतील 12 दिवस पाणी धोका पातळीच्या वर होते असे समजा. ‘पूर येणार नाही’ एवढेच रोज सांगणारे मॉडेल 1,208 दिवस बरोबर ठरते आणि त्याची अचूकता 99 टक्क्यांहून अधिक भरते, पण ते एकही पूर ओळखत नाही.

फाउंड्रीत काम करणाऱ्यांना याची दुसरी बाजू जवळची वाटेल. हजार कास्टिंगांपैकी वीस सदोष आहेत असे समजा. तपासणीचे मॉडेल सदोष कास्टिंगांपैकी 90 टक्के पकडते आणि चांगल्यांपैकी 5 टक्क्यांना चुकून सदोष म्हणते. मग ते 18 खरी सदोष आणि 49 चांगली अशी एकूण 67 कास्टिंगे बाजूला काढते. म्हणजे बाजूला काढलेल्यांपैकी जेमतेम 27 टक्केच खरोखर सदोष असतात. हे बेझच्या सूत्राचे थेट उदाहरण आहे. पर्यवेक्षकाला केवळ अचूकतेचा आकडा न सांगता पकडली किती, सुटली किती आणि विनाकारण अडवली किती, हे तीन आकडे सांगावेत, म्हणजे त्या मॉडेलवर खर्च करावा की नाही हे त्यांना ठरवता येते.

प्रमाणपत्राचा उपयोग होतो का?

थोडा होतो. एनपीटीईएलची अंतिम परीक्षा केंद्रावर जाऊन पर्यवेक्षणाखाली द्यावी लागते, त्यामुळे तिच्या प्रमाणपत्राला घरबसल्या मिळणाऱ्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक वजन आहे. मुलाखतीत मात्र स्वतः केलेल्या एखाद्या कामावर खोलवर प्रश्न विचारले जातात, आणि त्या वेळी पाच प्रमाणपत्रांपेक्षा पंचगंगेसारखे एक नीट केलेले काम अधिक उपयोगी पडते.

डीप लर्निंग कधी सुरू करावे?

लॉजिस्टिक रिग्रेशन स्वतःच्या हाताने, तयार लायब्ररी (आधीच लिहिलेल्या कोडचा संच) न वापरता लिहिता येऊ लागले की डीप लर्निंग, म्हणजे अनेक थरांची न्यूरल नेटवर्क, सुरू करावे. न्यूरल नेटवर्कचा शेवटचा थर बहुधा तेच काम करतो, त्यामुळे नवीन शिकायचा भाग बराच कमी होतो.

कोल्हापुरात अभ्यासाला बसण्यासाठी आणि शंका विचारण्यासाठी कोठे जावे?

1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा स्वतंत्र अधिविभाग आहे आणि विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचे ग्रंथालयही आहे. बाहेरील वाचकांसाठीचे नियम ग्रंथालयात प्रत्यक्ष विचारून घ्यावेत. शहरात 1850 पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. शंका विचारायला जाताना ‘मला रिग्रेशन समजत नाही’ असे मोघम न सांगता आपण केलेली आकडेमोड वहीसह दाखवावी आणि कोणत्या ओळीनंतर अडले त्या ओळीवर बोट ठेवावे. अशा प्रश्नाला कोणताही प्राध्यापक आनंदाने वेळ देतो. तीन-चार जणांनी मिळून दर रविवारी एक प्रकरण वाचायचे ठरवले, तर प्रत्येकाने त्यातील एक स्वाध्याय फळ्यावर सोडवून दाखवावा. व्हिडिओ एकत्र बसून पाहण्यात तो वेळ घालवू नये.